कुकामा भाषा जिवंत आहे की गेली? आकडा बघून ठरवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पेरूमधल्या कुकामा-कुकामिरिया भाषेवर कॉलेजचा प्रोजेक्ट करताय, धोक्यातल्या भाषांच्या एका यादीत ती "गंभीर धोक्यात" दिसली, जनगणनेत बोलणारे बाराशेच्या आसपास दिसले, आणि दुसरीकडे ती शाळेत शिकवतात, सरकारी मान्यता आहे, मुलांचं रॅप गाणं यूट्यूबवर गाजलंय. मग "नक्की काय धरू, जिवंत की मेलेली, आणि बोलणारे किती ते एकदाचं सांगा."

मी भाषांच्या नोंदी आणि सर्वेक्षणाचं काम करते आणि त्यातली बरीच वर्षं पेरूच्या लोरेतो भागात, मारान्योन नदीच्या काठाकाठाने गेलीत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गुंता सोडवू. तुम्ही दोन प्रश्न एकात विचारलेत. भाषा किती लोकांना येते हा एक, आणि ती पुढे चाललीये का हा दुसरा. यादी दुसऱ्याचं उत्तर देते, जनगणना पहिल्याचं देते (ते पण अर्धवट, सांगते पुढे), आणि शाळा, रेडिओ, कायदा हे लोकांना आणि सरकारला भाषेबद्दल काय वाटतं ते सांगतात. तीनही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्यात भांडण काही नाहीये.

आकड्याचं बघू. पेरूच्या 2017 च्या जनगणनेत 1,185 लोकांनी मातृभाषा कुकामा सांगितली आणि स्वतःला कुकामा म्हणवणारे पावणेअकरा हजारांच्या आसपास निघाले. लगेच भागाकार करून "अकरा टक्के लोक बोलतात" असं लिहू नका हां, कारण स्वतःला कोण समजता हा प्रश्न फक्त बारा वर्षांपुढच्यांना विचारला होता, भाषेच्या प्रश्नाची वयाची अट वेगळी होती. शिवाय भाषेचा प्रश्न असा होता की लहानपणी कुठल्या भाषेत बोलायला शिकलात. म्हणजे सत्तरीची बाई जी लहानपणी कुकामा बोलायची आणि गेली कित्येक वर्षं जिच्याशी त्या भाषेत बोलायलाच कोणी उरलं नाहीये ती मोजली गेली, आणि चाळिशीचा शिक्षक जो मोठेपणी मेहनत करून शिकला आणि आज रोज वापरतो तो यात बसतच नाही. आणि तिसरा प्रकार सगळ्यात मोठा, येत असून नाही म्हणणारे. (आपल्याकडेही फार वेगळं नाही, आपल्या जनगणनेत दहा हजारांच्या खालच्या भाषांचे आकडे वेगळे छापतच नाहीत, त्यामुळे बुलढाण्याच्या जळगाव जामोदकडची निहाली तिथे शोधायला गेलात तर सापडणार नाही.)

मला विचाराल तर बोलणाऱ्यांचा आकडा म्हणजे बँकेतली शिल्लक, आणि घरात लहान मुलं किती शिकतायत ही महिन्याची आवक. मात्सेस भाषा घ्या, त्याच लोरेतोमध्ये, ब्राझीलच्या सीमेवर यावारी नदीकडे, बोलणारे दोन-तीन हजार असतील, पण पोरं घरात तीच बोलत मोठी होतात, बऱ्याच पोरांना शाळेत जाईपर्यंत स्पॅनिश धड येत पण नाही. शिल्लक थोडी, आवक चालू. उलट केचुआ, 2017 मध्ये जवळपास 38 लाख लोकांनी मातृभाषा सांगितली, तरी लिमाला स्थायिक झालेल्या कितीतरी घरांत आजी केचुआत बोलते आणि नातू स्पॅनिशमध्ये उत्तर देतो. कुकामाची अडचण अशी की शिल्लकही कमी आणि आवक जवळजवळ बंद. म्हणून यादीवाल्यांनी "गंभीर" म्हटलंय, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. युनेस्कोने 2003 मध्ये भाषेचा जिवंतपणा तपासायला नऊ निकष दिले, त्यातला पहिलाच हा आहे, भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जाते का. बाकीचे आठ वाचा जरूर, पण पहिल्याचं उत्तर नाही आलं की बाकीच्यांची बेरीज करून फारसं काही हाती लागत नाही.

आता आवक बंद कशी झाली ते समजून घेतलं तरच पुढचं कळेल. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी मायनासच्या मिशनमध्ये वेगवेगळ्या जमातींना एका जागी आणून वसवलं, वायागा नदीवरचं लागुनास हे त्यांचं मुख्य ठाणं, आणि आजही कुकामिरिया म्हणवणारे लोक त्याच भागात आहेत. 1767-68 ला जेझुइटांना हाकललं. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रबराचा धंदा आला, पात्रोन म्हणजे मालक लोकांचं कर्ज आणि ते फेडण्यासाठी वेठबिगारी, माणसं नदीने कुठच्या कुठे नेली. पण गंमत बघा, एवढं सगळं होऊनही भाषा टिकली होती. ती तुटली विसाव्या शतकाच्या मध्यात, गावोगावी शाळा आल्यावर. कुकामा बोललं की शिक्षा, चेष्टा, मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवायचे असं जुनी माणसं सांगतात. ज्या पिढीने ते सोसलं तिने आईबाप झाल्यावर ठरवलं की आपल्या पोरांना हे नको, आणि घरात कास्तेयानो, म्हणजे स्पॅनिश, सुरू केली. त्यांना दोष देणारं काहीतरी तुम्ही प्रोजेक्टमध्ये लिहाल तर कृपा करून नका लिहू, पोराला मार बसू नये म्हणून घेतलेला निर्णय होता तो. त्याच काळात लोकांनी स्वतःला कुकामा म्हणवणंही सोडलं, "आम्ही रिबेरेन्यो", म्हणजे नदीकाठचे, एवढंच सांगायचे. एक काळ असा होता की बाहेरचे अभ्यासक यांना अदृश्य आदिवासी म्हणायचे, समोर असून दिसत नाहीत म्हणून.

याचा थेट परिणाम माझ्या कामावर होतो. गावात जाऊन वही उघडून "तुम्हाला कुकामा येते का" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही, माझ्या आजीला यायची". हे उत्तर देणारी बाई स्वतः पंच्याहत्तर वर्षांची असते! म्हणून तो प्रश्न मी विचारतच नाही. आधी घरातल्या माणसांची वंशावळ काढते, कागदावर, सगळ्यांसमोर, त्यात लोकांना मजा येते, आणि मग एकेका जोडीबद्दल विचारते, तुमची आई मावशीशी कशात बोलायची, तुम्ही थोरल्या बहिणीशी कशात बोलता, रागावलं की कशात, नदीवर मासे धरताना कशात. तासाभरात कागदावर दिसायला लागतं की भाषा नक्की कुठल्या जोडीत अडकून पडलीये. बहुतेक घरांत ती म्हाताऱ्या भावंडांत असते, किंवा दोन मैत्रिणींत, आणि त्यातली एक गेली की दुसरीची भाषा पण बंद, जरी ती जनगणनेत "बोलणारी" म्हणून आणखी दहा वर्षं मोजली गेली तरी. दुसरं म्हणजे नुसतं बसून राहायचं. मासातोची, म्हणजे युका नावाच्या कंदाच्या दारूची, भांडी फिरायला लागली, मिंगा, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं काम, असला आणि सगळे कोणाच्या तरी चाक्रात, म्हणजे शेतात, राबून आलेले असले की म्हाताऱ्या बायका एकमेकींची टिंगल कुकामात करायला लागतात, आणि तेव्हा तुम्हाला कळतं की सकाळी "येत नाही" म्हणालेलीला काय काय येतं. टिंगल करता येणं ही माझी आवडती चाचणी आहे. रंगांची नावं कोणीही पाठ करतं.

आणखी एक खूण सांगते जी मराठी माणसाला पटकन कळेल. कुकामामध्ये बोलणारा पुरुष आहे की बाई यावरून शब्द बदलतात. "मी" साठी बाई एत्से म्हणते, पुरुष ता म्हणतो, आणि असे बरेच छोटे छोटे शब्द दोन्हीकडे वेगळे आहेत. आपल्याकडे "मी जाते, मी जातो" हा फरक क्रियापदात आहे, तिथे तो सर्वनामातच आहे. आता विचार करा, आपल्याकडे आईच्या कडेवर वाढलेला मुलगाही "जातो" म्हणतो कारण त्याला बाप, काका, शेजारचे दादा ऐकू येत असतात. पण एखाद्या पोराने सगळी भाषा एकट्या आजीकडून किंवा शाळेतल्या एकट्या बाईंकडून ऐकली असेल तर? तो एत्सेच म्हणणार. म्हणून मी मुलांचं बोलणं ऐकताना शब्दसंख्या मोजत नाही, मुलगे कुठलं "मी" वापरतात तिकडे कान देते. न चुकता ता येत असेल तर या मुलाला आजूबाजूला बरेच बोलणारे मिळालेत. नसेल येत तर भाषा एका माणसाच्या तोंडून झिरपतेय. यावर तुम्ही प्रोजेक्टमध्ये एक परिच्छेद लिहिलात तर तुमच्या सरांना नवीन काहीतरी वाचायला मिळेल.

आता शाळा आणि रेडिओ, कारण तुमचा खरा गोंधळ तिथेच आहे. पेरूमध्ये 2011 चा कायदा आहे, 29735 नंबरचा, मूळ भाषांच्या हक्कांचा. त्याच्या आधीपासून, 1988 पासून लोरेतोची राजधानी इकितोसजवळ फोर्माबियाप नावाचा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालू आहे, आदिवासी संघटना आयदेसेप आणि शिक्षण खात्याने मिळून सुरू केलेला, आणि त्यातून कुकामा शिक्षकही तयार झालेत. कुकामा गावांतल्या शाळा साधारणपणे "पुनरुज्जीवन" गटात मोडतात, म्हणजे शिकवणं स्पॅनिशमध्ये आणि कुकामा दुसरी भाषा म्हणून आठवड्यातून काही तास. यातून बोलणारी मुलं तयार होतात का? माझं स्पष्ट मत, नाही होत. काही तासांत कुठलीच भाषा येत नाही, आणि शिक्षक स्वतः बऱ्याचदा मोठेपणी शिकलेला, त्याला धड्याबाहेरचं बोलताना अडखळायला होतं. मुलांना प्राण्यांची नावं, अभिवादन आणि एखादं गाणं येतं. पण म्हणून शाळा निरुपयोगी असं मी म्हणणार नाही, कारण ज्या इमारतीत आजीला गुडघ्यावर बसवलं होतं तिथेच आज तिला बोलवून शिकवायला सांगतात, आणि याचा परिणाम नातवापेक्षा आजीवर जास्त होतो, ती घरी बोलायची लाज सोडते. हा परिणाम परीक्षेच्या मार्कांत दिसत नाही.

नाऊतामधलं रेडिओ उकामारा हे याचं चांगलं उदाहरण. मारान्योन आणि उकायाली जिथे मिळतात त्याच्या जवळचं हे गाव, तिथून पुढे नदीला अ‍ॅमेझॉन म्हणतात. कॅथलिक चर्चशी जोडलेलं छोटं रेडिओ स्टेशन, त्यांनी म्हाताऱ्यांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या, मुलांना आजी-आजोबांकडून शिकवायचे वर्ग चालवले, आणि 2013 मध्ये मुलांचा तो कुकामा-स्पॅनिश रॅप काढला जो तुम्ही पाहिलात. त्या गाण्याने किती मुलं कुकामा बोलायला लागली विचाराल तर फार नाही. पण मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तिशी-चाळिशीतले आईबाप. यातल्या अनेकांना भाषा समजते पण बोलता येत नाही, लहानपणी आजीआजोबा आपसात बोलायचे ते कानावर पडलेलं असतं. मी यांना एखादी गोष्ट ऐकवून पुढे काय झालं ते स्पॅनिशमध्ये सांगायला लावते आणि ते बरोब्बर सांगतात, स्वतःच चकित होऊन! सगळे पैसे आणि वेळ पाच वर्षांच्या मुलांवर खर्च होतो आणि हा गट तसाच राहतो, ही माझी तिथल्या बहुतेक प्रकल्पांबद्दलची तक्रार आहे. अर्धी भाषा ज्याच्या डोक्यात आधीच आहे त्याला एका आजीबरोबर रोज मासे साफ करायला बसवा, फक्त कुकामात, स्पॅनिश बंद. वर्ष-दोन वर्षांत तो बोलायला लागू शकतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या घरात लहान मुलं आहेत. शाळेतला मुलगा भाषा शिकला तरी ती घरी न्यायला त्याला वीस वर्षं लागणार, आणि तेवढा वेळ आता नाहीये. चांगले बोलणारे बहुतेक ठिकाणी साठीच्या पुढचे आहेत, आणि 2020 मध्ये कोविडने लोरेतोची काय अवस्था केली ते आठवा, इकितोसमध्ये लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगा लावून होते. भाषा जेव्हा एकाच वयोगटात साठलेली असते तेव्हा असा एक फेरा पुरतो.

नदीबद्दल न बोलता हे उत्तर पुरं होणार नाही, आणि भाषेच्या फॉर्ममध्ये नदीसाठी रकाना नसतो म्हणून मुद्दाम लिहितेय. कुकामा लोकांच्या समजुतीत नदीखाली गावं आहेत, बुडून गेलेली माणसं, ज्यांची शरीरं सापडली नाहीत ती, तिथे राहतात, वैद्य लोक त्यांच्याशी बोलतात. वैद्यांची गाणी, माशांच्या सवयी, पाण्याच्या चढउताराचे शब्द, हे सगळं कुकामात अजून घट्ट आहे, जिथे रोजच्या गप्पा स्पॅनिशमध्ये गेल्यात तिथेही. जून 2014 मध्ये कुनिनिको या कुकामा गावाजवळ तेलाची पाइपलाइन फुटली, मासे धरणं बंद झालं. आता मासेमारी थांबली की काय होतं, आजोबा आणि नातू ज्या एका होडीत दोन-तीन तास बसायचे ते बसत नाहीत, बाप कामासाठी इकितोसला जातो, मागून घर जातं. भाषेच्या वापराची जी थोडी ठिकाणं उरली होती त्यातलं एक गेलं, आणि हे कुठल्याही भाषा-धोरणाच्या कागदात येणार नाही.

उलट बाजूही आहे. याच नदीकाठच्या कुकामा बायकांचा महासंघ, वायनाकाना कामाताउआरा काना, कोर्टात गेला आणि मार्च 2024 मध्ये नाऊताच्या कोर्टाने मारान्योन नदीला स्वतःचे हक्क आहेत असा निकाल दिला, पुढे वरच्या कोर्टानेही तो कायम ठेवला. त्यांच्या अध्यक्ष मारी लुस कानाकिरी यांना 2025 चा गोल्डमन हा पर्यावरणासाठीचा पुरस्कार मिळाला. सगळी लढाई स्पॅनिशमध्ये, पण संघटनेचं नाव कुकामात. काही अभ्यासक याला नुसतं प्रतीक म्हणून नाक मुरडतात. मला तसं वाटत नाही, ज्या लोकांनी पन्नास वर्षं स्वतःचं नाव लपवलं त्यांनी ते कोर्टाच्या कागदावर लावणं ही बातमी आहे. फक्त ती ओळखीची बातमी आहे, आवक सुरू झाल्याची नाही, या दोन गोष्टी तुमच्या प्रोजेक्टमध्ये वेगळ्या ठेवा.

हे सगळं कुठल्या भागाबद्दल बोलतोय यावर पण बरंच अवलंबून आहे. खालचा मारान्योन, वायागावरचं लागुनास, उकायाली, इकितोसच्या वस्त्या, आणि सीमेपलीकडे ब्राझीलमध्ये सोलिमोइंशच्या काठचे कोकामा, या सगळ्यांची स्थिती एकसारखी नाही. ब्राझीलमध्ये स्वतःला कोकामा म्हणवणारे हजारोंनी आहेत आणि भाषा येणारे अगदीच थोडे, तिथे जवळजवळ सगळं काम मोठेपणी शिकणाऱ्यांवर आहे. त्यामुळे मी जे "आजीबरोबर बसवा" म्हणाले ते मारान्योनवरच्या एखाद्या गावात चालेल, जिथे आजी आहे. जिथे आजीच नाही तिथे ध्वनिमुद्रणं आणि व्याकरण यावरच सुरुवात करावी लागते, आणि तिथे येणारी भाषा थोडी वेगळी असणार हे आधीच मान्य करून टाकायचं. नव्या बोलणाऱ्यांचं कुकामा "अशुद्ध" आहे अशी कुरकुर मी म्हाताऱ्यांकडून ऐकते तेव्हा मला काळजी वाटते, कारण तेवढ्याने तरुण माणूस परत गप्प बसतो.

तर तुमच्या तक्त्यात एकच रकाना भरायचा असेल तर "गंभीर धोक्यात" लिहा, कारण आजी-आजोबांची पिढी बोलते, आईबापांना समजते, मुलांशी कोणी बोलत नाही, आणि ही युनेस्कोची त्या पातळीची व्याख्याच आहे. मेलेली लिहू नका, ते चूक आहे. जमलं तर खाली तीन ओळी जोडा: एक बोलणाऱ्यांच्या वयाबद्दल, एक समजतं-पण-बोलत-नाही या गटाबद्दल, एक मोठेपणी शिकलेल्यांबद्दल. आणि 2017 चे आकडे वापरणार असाल तर देशाचा एक आकडा उचलू नका, पेरूच्या सांख्यिकी संस्थेच्या साइटवर जिल्हावार तक्ते आहेत, त्यात नाऊता, पारिनारी, उरारिनास आणि लागुनास वेगवेगळे काढून वयोगटाप्रमाणे लावा. स्पॅनिश येत नसेल तरी चालेल, तक्त्यातली रकान्यांची शीर्षकं मोजकीच आहेत. कुठे अडलात तर इथेच खाली लिहा, मी आठवड्यातून एकदा तरी बघते.